आधी कोरं निकेल मोजा: पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या स्वस्त उत्प्रेरकावर पहिलं काम

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेकदा ठरलेलं असतं. "मॅडम, हायड्रोजनवर करायचं आहे, पण प्लॅटिनम परवडणार नाही." मी सांगते, परवडायची गरजच नाही. निकेलची जाळी, थोडं लोखंडाचं मीठ, पोटॅशियम हायड्रॉक्साइड (पुढे याला नुसतं पोटॅशही म्हटलं आहे) आणि सरळ मोजण्याची सवय, एवढ्यावर चांगलं काम उभं राहतं. यातली शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही, म्हणून हा लेख बराचसा तिच्याबद्दलच आहे.

नागपुरातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही कॉलेजात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा केमिकल इंजिनिअरिंग शिकणारा, प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करू शकणारा विद्यार्थी मी समोर धरला आहे. घरच्या स्वयंपाकघरात हे करू नका. कारणं पुढे येतील.

पायरी १: "स्वस्त" म्हणजे नेमकं काय, याचा हिशेब करा

पाण्याचं अपघटन व्हायला, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे व्हायला, २५ अंश तापमानाला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात तेवढ्यावर काही होत नाही. औद्योगिक अल्कली इलेक्ट्रोलायझर, म्हणजे अल्कलीच्या द्रावणात वीज सोडून पाणी फोडणारी यंत्रं, १.८ ते २ व्होल्टच्या आसपास चालतात. १.२३ च्या वर जे द्यावं लागतं त्यातला मोठा भाग म्हणजे ओव्हरपोटेन्शियल. अभिक्रियेला पुढे ढकलण्यासाठी लागणारा हा जास्तीचा रेटा, आणि तो कमी करणं हेच उत्प्रेरकाचं काम.

आता वहीत एक आकडा लिहून ठेवा. एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे २६,६०० ॲम्पियर-तास वीज वाहावी लागते. हा आकडा फॅराडेच्या नियमातून येतो आणि उत्प्रेरक कुठलाही असला तरी बदलत नाही. त्याला सेलच्या व्होल्टने गुणलं की युनिट मिळतात. १.८ व्होल्टला सुमारे ४८ युनिट, २ व्होल्टला ५३. म्हणजे व्होल्टचा एक दशांश वाचवला की किलोमागे २.६६ युनिट वाचतात. वीजबिलावर असतं तेच हे युनिट.

आपल्या धंद्याचं सगळं मर्म या एका ओळीत आहे. उत्प्रेरकाची किंमत कमी असणं चांगलंच, पण तो वर्षानुवर्षं वीज खात राहिला तर तो स्वस्त नाही. उलट पाहिलं तर, इरिडियमसारखा धातू कितीही चांगला असला तरी जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो. त्याच्या भरवशावर देशोदेशीचे मोठे कारखाने उभे राहणार नाहीत. आम्लात चालणाऱ्या पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये धनाग्राला, म्हणजे ऑक्सिजन निघतो त्या बाजूला, इरिडियम लागतंच. अल्कलीत मात्र निकेल, लोखंड, कोबाल्ट, मँगनीज हे साधे धातू टिकतात. म्हणून नवख्याने सुरुवात अल्कलीतूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे जरूर लिहा, पण सोबत हेही लिहा की वीज कोळशाची असेल तर हायड्रोजन हरित होत नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची धुराडी आपल्याला शहरातून दिसतात. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे अशा विजेवर काढलेल्या एका किलो हायड्रोजनमागे पन्नास किलोच्या आसपास. नैसर्गिक वायूपासून आजच्या पद्धतीने हायड्रोजन बनवला तर हाच आकडा नऊ-दहा किलो असतो.

पायरी २: आधी धोका समजून घ्या

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेटतो. त्याला पेटायला लागणारी ठिणगी इतकी क्षीण असते की सिंथेटिक ओढणी काढताना होणारी चटचट पुरते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. आपल्या प्रयोगात वायू थोडाच निघतो. तो निघू द्यायचा, पायरी ८ मधली मोजणी सोडली तर साठवायचा नाही. खिडकी उघडी, पंखा चालू, जवळपास बर्नर नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच बाटलीत गोळा करायचे नाहीत, कधीच नाही. सिलिंडरमध्ये दाबून भरण्याचा विचार तर मनातही आणू नका. दाबाखालच्या वायूंचे देशभरातले परवाने ज्या पेसो संस्थेकडून येतात, तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. तिच्या नियमांना कारणं आहेत.

दुसरा धोका अल्कलीचा, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर आम्लापेक्षा खोल इजा करतो, आणि सुरुवातीला तेवढं दुखतही नाही. गॉगलशिवाय टेबलाजवळ उभं राहायचं नाही. गोळ्या पाण्यात टाकायच्या, पाणी गोळ्यांवर ओतायचं नाही. भांडं तापतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मीठ. यूट्यूबवर मिठाच्या पाण्यात स्टीलचे चमचे घालून हायड्रोजन काढणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यात धनाग्रावर क्लोरीन निघतो, आणि स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम विषारी, कॅन्सरकारक रूपात पाण्यात उतरू शकतं. अल्कलीतही स्टेनलेस स्टील धनाग्र म्हणून जास्त व्होल्टवर चालवलं की द्रावण पिवळसर होऊ लागतं. तो पिवळेपणा क्रोमेटचा असू शकतो. असं दिसलं की थांबा.

पायरी ३: सामान

दोन मार्ग आहेत. कॉलेजात पोटेंशियोस्टॅट असेल तर उत्तम. व्होल्टेज नेमकं राखून प्रवाह मोजणारं हे यंत्र लाखांत जातं, त्यामुळे सगळीकडे नसतं. नसेल तर साधा डीसी पॉवर सप्लाय, दोन चांगले मल्टिमीटर आणि एक ओहमचा अचूक रेझिस्टर, एवढ्यावर पहिले तीन महिने निघतात. हे सामान बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळून जाईल. एक ओहमच्या रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट दिसतात तितकेच मिलिॲम्पियर वाहतात. स्वस्त सप्लायच्या स्वतःच्या डिस्प्लेवर कमी प्रवाहाला विश्वास ठेवू नका. सेलचं व्होल्टेज सप्लायवर वाचायचं नाही, थेट इलेक्ट्रोडवर मल्टिमीटर लावून वाचायचं. नाहीतर वायरींचा आणि क्लिपांचा अडथळाही तुमच्या उत्प्रेरकाच्या खात्यावर जमा होतो.

इलेक्ट्रोडसाठी निकेलची जाळी किंवा निकेल फोम घ्या. क्रोकोडाइल क्लिप द्रावणात बुडू देऊ नका. तिच्यातलं तांबं उतरतं आणि ऋणाग्रावर जाऊन बसतं. इलेक्ट्रोडचा ठरावीक चौरस तेवढा उघडा ठेवायचा असेल तर प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप छान चालते. भांडं काचेचं नको, पॉलिप्रोपिलीनचं घ्या. तीव्र अल्कली काच हळूहळू खाते, आणि काचेतून आलेलं सिलिकेट व लोखंड द्रावणात मिसळतं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड. बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर काही तासांत ऋणाग्रावर पांढरा थर बसतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. घरच्या आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरलेले असतात. लॅबमधला डिस्टिलेशनचा संच बंद असेल, आणि तो बऱ्याचदा असतो, तर बॅटरीचं पाणी आणा. पण प्रत्येक डबा टीडीएस मीटरने तपासूनच.

पायरी ४: द्रावण, आणि कूलरच्या खोलीतलं पोटॅश

एक मोलर द्रावणासाठी लिटरला ५६ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, असं पुस्तक सांगतं. बाटलीवर मात्र बहुधा ८५ टक्के लिहिलेलं असतं, बाकी पाणी. म्हणजे ६६ ग्रॅम घ्यायला हवेत. आणि ही बाटली एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असलेल्या खोलीत उघडली, तर वजन करेपर्यंत गोळ्या चिकट होतात. उन्हाळ्यात आपल्याकडे बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, पण कूलरच्या खोलीत ओल भरपूर. मी मुलांना बाटली दोन मिनिटांच्या वर उघडी ठेवू देत नाही. जमत असेल तर तयार द्रावण प्रमाणित आम्लाने टायट्रेट करून खरी तीव्रता काढा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं कौशल्य इथे कामी येतं. द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतं, म्हणून झाकण घट्ट हवं आणि द्रावण ताजं.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यामुळे या विषयाची दिशाच बदलली. निकेल हायड्रॉक्साइड हा ऑक्सिजन काढणारा फार चांगला उत्प्रेरक आहे, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी दाखवलं की द्रावणात लोखंडाचा अगदी अंश जरी असला तरी निकेल ऑक्साइडच्या थराची कामगिरी बदलते. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेत बॉएचर यांच्या गटाने काळजीपूर्वक शुद्ध केलेल्या द्रावणात निकेल तपासलं, तर लोखंड नसताना ते अगदीच सामान्य निघालं. इतकी वर्षं नाव निकेलचं होत होतं आणि काम पोटॅशमधून नकळत आलेलं लोखंड करत होतं!

याचा तुमच्यासाठी अर्थ असा. तुमच्या बाटलीत लोखंड आहे, असं धरूनच चाला. कोरी निकेलची जाळी धनाग्र म्हणून चालवत राहिलात तर ती काही तासांत आपोआप सुधारेल. ती सुधारणा तुम्ही लावलेल्या नव्या पदार्थाच्या नावावर टाकू नका. निव्वळ निकेलचा अभ्यास करायचा असेल तर द्रावण आधी शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडच्या गाळासोबत हलवून ठेवायचं. गाळ लोखंड ओढून घेतो. मग वरचं स्वच्छ द्रावण वापरायचं.

पायरी ५: कोरं निकेल

मुलांना ही पायरी नको असते. त्यांना लगेच काहीतरी लेपायचं असतं. पण कोऱ्या जाळीचे आकडे हातात नसतील तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही.

जाळीचे एकसारखे सहा तुकडे कापा, प्रत्येकाचा उघडा भाग एक चौरस सेंटीमीटर. ॲसिटोनने तेलकटपणा काढा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दहा-पंधरा मिनिटं ठेवून ऑक्साइडचा थर उतरवा, मग भरपूर पाण्याने धुवा. दोन तुकडे समोरासमोर, मध्ये दोन सेंटीमीटर अंतर. अंतर कायम राहावं म्हणून झाकणाला दोन चिरा पाडा आणि इलेक्ट्रोड त्यांतच बसवा. मग १०, २०, ५० आणि १०० मिलिॲम्पियर असे टप्पे घ्या, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं थांबा, शेवटचं व्होल्टेज लिहा. वर जाताना घ्या आणि खाली येतानाही घ्या. तीन जोड्या, तीन वेगळे दिवस.

कोऱ्या निकेलच्या जोडीला १० मिलिॲम्पियरवर साधारण १.७ ते १.९ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी मिळेल. १.५ दिसलं तर आनंद करण्याआधी वायरी तपासा. २.५ दिसलं तर क्लिप गंजलेली असेल.

तीन दिवसांच्या आकड्यांत जेवढा फरक पडतो, ती तुमच्या मोजणीची मर्यादा. समजा ती ४० मिलिव्होल्ट निघाली. मग उद्या तुमचा नवा उत्प्रेरक ३० मिलिव्होल्टने चांगला आला, तर तुमच्याकडे अजून सांगण्यासारखं काहीच नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण ही सवय लागलेली मुलं मी पुढे पीएच.डी.ला गेलेली पाहिली आहेत, आणि त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवत नाही.

पायरी ६: निकेल-लोखंडाचा लेप

आता लेप. नवख्यासाठी सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे निकेल-लोखंडाचं थरांचं हायड्रॉक्साइड. भट्टी लागत नाही, ऑटोक्लेव्ह लागत नाही.

१०० मिलीलिटर पाण्यात ८७ मिलिग्रॅम निकेल नायट्रेट आणि १२१ मिलिग्रॅम फेरिक नायट्रेट विरघळवा. हे वजन अनुक्रमे सहा आणि नऊ पाण्याच्या स्फटिकांचं आहे. दोन्ही धातू तीन-तीन मिलिमोलर होतात. द्रावण त्याच दिवशी वापरा. ठेवलं की लोखंड गंजासारखं खाली बसतं. निकेलची क्षारं कॅन्सरकारक आहेत. हातमोजे हवेतच, आणि भुकटी उडू द्यायची नाही.

स्वच्छ जाळी ऋणाग्र करा, समोर ग्रॅफाइटची कांडी. पोटेंशियोस्टॅट असेल तर सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत उणे १ व्होल्टवर ३०० सेकंद. नसेल तर चौरस सेंटीमीटरला पाच मिलिॲम्पियरच्या आसपास सुरुवात करा आणि वेळ बदलून पाहा.

यात घडतं काय? ऋणाग्रावर नायट्रेटचं क्षपण होतं आणि त्यातून हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. जाळीच्या अगदी पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थरातच पीएच वाढतो, म्हणून निकेल आणि लोखंड तिथेच, धातूला चिकटून साका धरतात. बाकीचं द्रावण आम्लधर्मीच राहतं. प्रवाह फार जास्त दिला तर हायड्रोजनचे बुडबुडे लेप उचकटून टाकतात आणि तो पापुद्र्यासारखा सुटतो. फार कमी दिला तर पृष्ठभाग अर्धवट झाकला जातो. चांगला लेप पिवळसर तपकिरी, एकसारखा, बोट लावल्याशिवाय न निघणारा. बोट लावू नका. पाण्यात हळूच बुडवून धुवा आणि हवेत वाळू द्या.

सोबत दोन साक्षीदार तुकडे बनवा: एक फक्त निकेल नायट्रेटमधून, एक फक्त फेरिक नायट्रेटमधून. काम निकेलचं की लोखंडाचं, हाच पहिला प्रश्न परीक्षक विचारतात, आणि विचारायलाच हवा.

हायड्रोजनच्या बाजूला, म्हणजे ऋणाग्रावर, निकेल-मॉलिब्डेनमचा मिश्रधातू, निकेल फॉस्फाइड, मॉलिब्डेनम सल्फाइड हे स्वस्त पर्याय आहेत. मॉलिब्डेनम सल्फाइडचं काम त्याच्या थरांच्या कडांवर होतं, मधल्या सपाट भागावर नाही, हे २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. निकेल फॉस्फाइड २०१३ मध्ये पुढे आलं. पण फॉस्फाइड बनवताना विषारी फॉस्फिन वायू निघू शकतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ७: तीन इलेक्ट्रोडची मोजणी

दोन इलेक्ट्रोडच्या मोजणीत दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र येतो. धनाग्र सुधारलं की ऋणाग्र, हे कळायला तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड लागतो. अल्कलीत मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा घ्या. कॉलेजात बहुधा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा पडलेला असतो आणि सगळे तोच वापरतात. एक मोलर पोटॅशमध्ये त्याचं टोक खराब होतं, आतलं क्लोराइड बाहेर येतं आणि आकडा दिवसागणिक सरकतो. लेप चढवण्याच्या सौम्य द्रावणात तो चालतो, इथे नाही.

मिळालेला आकडा आरएचई, म्हणजे त्याच द्रावणातल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरणाऱ्या मापावर आणायचा असतो. मर्क्युरिक ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडसाठी वाचलेल्या व्होल्टमध्ये ०.०९८ मिळवा आणि ०.०५९ गुणिले पीएच मिळवा. पीएच १४ धरला तर एकूण ०.९२४ मिळवायचे. म्हणजे ऑक्सिजन निघण्याची सैद्धांतिक सीमा, १.२३ व्होल्ट, या इलेक्ट्रोडवर ०.३०६ ला दिसते. त्याच्या वर जेवढं जावं लागलं तेवढं ओव्हरपोटेन्शियल. हे ०.०५९ फक्त २५ अंशाला खरं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद लॅबमध्ये द्रावणच ३८-४० अंशांवर असतं. त्यामुळे थर्मामीटर द्रावणात ठेवा आणि प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहा. उन्हाळ्यातला उत्प्रेरक हिवाळ्यातल्यापेक्षा चांगला दिसतो, कारण अभिक्रिया उष्णतेनेही वेगावते.

द्रावणाचा अडथळा वजा करायला विसरू नका. तो दोन ओहम असेल तर १० मिलिॲम्पियरवर २० मिलिव्होल्टच खातो, पण १०० वर २००. दुरुस्ती केली असेल तर तसं लिहा आणि व्होल्टेज-प्रवाहाचा मूळ आलेखही दाखवा.

निकेलच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. आरएचईवर १.३५ ते १.४५ व्होल्टच्या आसपास निकेलचं स्वतःचंच ऑक्सिडीकरण होतं आणि आलेखात मोठा उंचवटा येतो. निकेल फोमवर हा उंचवटा एकटाच १० मिलिॲम्पियर ओलांडतो. व्होल्टेज वाढवत नेताना मिळणाऱ्या, वर जाणाऱ्या आलेखावरून "दहा मिलिॲम्पियरला केवळ १५० मिलिव्होल्ट" असं वाचलंत तर ते निकेलचं ऑक्सिडीकरण आहे, त्यात ऑक्सिजनचा बुडबुडाही नाही. खाली येणारा आलेख वाचा, किंवा त्याहून चांगलं, टप्प्याटप्प्याने स्थिर प्रवाह देऊन वाचा. चांगल्या निकेल-लोखंडाला १० मिलिॲम्पियरवर २०० ते ३०० मिलिव्होल्ट लागतात, असं प्रसिद्ध झालेलं काम सांगतं. तुम्हाला ३२० आले तरी ते प्रामाणिक ३२० आहेत.

आणि समोरचा इलेक्ट्रोड. इथे मी स्वतः पोळले आहे. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी माझा कोबाल्टचा उत्प्रेरक हायड्रोजन काढताना रोज आदल्या दिवशीपेक्षा चांगला होत होता. मी त्याला "स्वतः सक्रिय होणारा" म्हणत होते, तसं मसुद्यातही लिहिलं होतं. समोर प्लॅटिनमची तार होती. तीच तार धनाग्र म्हणून कणाकणाने विरघळत होती आणि माझ्या कोबाल्टवर येऊन बसत होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "समोर ग्रॅफाइट लावून पाहिलं का?" ग्रॅफाइट लावलं आणि सगळी सुधारणा नाहीशी झाली. दोन महिन्यांचं काम मी तेव्हा बाजूला ठेवलं, आणि ते योग्यच केलं. हायड्रोजनचा स्वस्त उत्प्रेरक तपासताना प्लॅटिनम भांड्यातच नको.

पायरी ८: वायू मोजा

प्रवाह वाहिला म्हणजे हायड्रोजन निघालाच, असं नाही. तो मोजा. ऋणाग्रावर पाण्याने भरलेली मापनळी उलटी धरून वायू गोळा करा. १०० मिलिॲम्पियर एक तास चालवले तर २५ अंशाला, समुद्रसपाटीच्या दाबाला सुमारे ४६ मिलीलिटर कोरडा हायड्रोजन मिळायला हवा.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलाचा दुपारी फोन आला. "मॅडम, एकशे सतरा टक्के येऊन राहिलं!" त्याला ५४ मिलीलिटर मिळाले होते आणि तो अतिशय खूश होता. मी म्हटलं, अरे बाळा, आधी खोलीचं तापमान सांग. ४० अंश. वायू तापला की फुगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेहून अधिक मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुळातच कमी. आणि ४० अंशाला पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याच्या वाफेचाच दाब ७.४ किलोपास्कल असतो. तिन्ही दुरुस्त्या केल्या आणि त्याचे ५४ बरोबर ४६ च्या ठिकाणी येऊन बसले. शंभर टक्के. त्याचा प्रयोग खरं तर सुंदर झाला होता.

पायरी ९: टिकतो का?

किमान २४ तास, जमल्यास १०० तास, स्थिर प्रवाहावर चालवा. उन्हाळ्यात पाणी उडतं आणि पोटॅश तीव्र होतं, म्हणून भांड्यावर रेघ मारून ठेवा आणि तिच्यापर्यंत डिस्टिल्ड पाणी भरत राहा, पोटॅशचं द्रावण नाही. मान्सूनपूर्व वादळात वीज गेली की नोंद करा. प्रवाह अचानक थांबला की दोन इलेक्ट्रोडमध्ये उलटा प्रवाह वाहतो आणि ऋणाग्राचं ऑक्सिडीकरण होतं. मोठ्या अल्कली इलेक्ट्रोलायझरमध्येही बंद-चालू होण्याने इलेक्ट्रोड झिजतात, आणि सौर विजेवर चालवायचं तर हे रोजचंच. त्यामुळे वीज गेलेला प्रयोग फेकू नका. आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज शेजारी शेजारी लिहा. कधी कधी तेच सगळ्यात उपयोगी पान ठरतं.

पुढे काय घ्यावं

निकेल-लोखंड हाताला बसलं की मँगनीजकडे वळा. मँगनीज खणणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी आपल्या जिल्ह्यात, आणि भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गला बॅटरीच्या दर्जाचा मँगनीज डायऑक्साइड तयार होतो. झाडाच्या पानात पाणी फोडणाऱ्या केंद्रातही चार मँगनीज आणि एक कॅल्शियमच असतो. अल्कलीत मँगनीज ऑक्साइड निकेल-लोखंडाइतकं तेज नाही, पण आपल्या मातीतला धातू समजून घेण्यात मला स्वतःला मोठी ओढ वाटते. एक खूण लक्षात ठेवा. व्होल्टेज जास्त झालं आणि द्रावणात जांभळट झाक आली, तर मँगनीज परमँगनेट होऊन विरघळत आहे. तिथे लगेच थांबून व्होल्टेज लिहून घ्या.

संत्र्याच्या सालीपासून कार्बन बनवायची कल्पना इथे दर दुसऱ्या विद्यार्थ्याला सुचते. कल्पना वाईट नाही, पण तो कार्बन हायड्रोजनच्या बाजूलाच वापरा. ऑक्सिजनच्या बाजूला कार्बन स्वतःच जळत जातो आणि तो प्रवाह तुम्ही ऑक्सिजनचा समजता. सालीच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियम असतं, ते आम्लाने धुऊन काढावं लागतं.

आणि टेबल आवरताना: लेपाचं उरलेलं द्रावण, जाळी धुतलेलं आम्ल, पहिली धुवण, यांतलं काहीही बेसिनमध्ये ओतू नका. निकेल तिथून गटारात आणि गटारातून नाग नदीत जातं, आणि त्या नदीने आधीच खूप सोसलं आहे. एका प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये सगळं जमा करा, वापरलेलं पोटॅश थोडं थोडं टाकून पीएच दहाच्या आसपास आणा आणि रात्रभर ठेवा. निकेल आणि लोखंड हिरवट-तपकिरी गाळ होऊन तळाशी बसतात. गाळ गाळून, वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर "निकेल हायड्रॉक्साइड, विषारी" असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, तारीख टाका आणि कॉलेजच्या घातक कचऱ्याच्या नोंदवहीत त्याची नोंद करा. मराठीत अशासाठी, की संध्याकाळी लॅब झाडायला येणाऱ्या मावशींनाही ते वाचता आलं पाहिजे.